लस आणि पैसा – ९ : चार दिवस बर्फाविना

'गावी'चा हिशेब, म्हणजे जिनेव्हाची ही संस्था गरीब देशांना लशीच्या किमतीतला किती वाटा स्वतः उचलायला लावते, तो आज मांडायचा होता. तो आठवडाभर थांबेल. अक्कलकोट तालुक्यातल्या एका आशाताईंचं पत्र आलंय. त्या विचारतात, "लशीची किंमत, देणग्या, करार, सगळं लिहिता. पण मे महिन्यात आमच्या वस्तीपर्यंत डबा गार ठेवायला काय पडतं, ते कधी लिहिणार?"

आजच लिहितो. माझ्या फार जिव्हाळ्याचा विषय आहे हा.

सोलापूरच्या मे महिन्याबद्दल सोलापूरकरांना काय सांगायचं? पारा ४३-४४ वर जातो, आणि बहुतेक लशींना हवं असतं २ ते ८ अंश, कारखान्यापासून थेट बाळाच्या मांडीपर्यंत. प्राथमिक आरोग्य केंद्रात हे काम आयएलआर नावाचा फ्रिज करतो. दिसायला आइस्क्रीमच्या पेटीसारखा, झाकण वरच्या बाजूला. घरच्या फ्रिजचं दार उघडलं की गार हवा खाली सांडते, याची सांडत नाही. आतल्या भिंतींत बर्फाचं अस्तर असतं, त्यामुळे दिवसात ८ तास वीज मिळाली तरी तापमान टिकतं. भारनियमनाच्या दिवसांत आपल्या खेड्यांतल्या लशी याच अस्तराने सांभाळल्या.

खरं कसब लागतं ते लसीकरण सत्राच्या दिवशी सकाळी. डीप फ्रीजरमधून काढलेले आइसपॅक तडक कॅरिअरमध्ये, म्हणजे लशीच्या डब्यात, घालायचे नसतात. टेबलावर मांडून त्यांना घाम सुटू द्यायचा. कानाशी धरून हलवल्यावर आत पाणी खुळखुळलं, की मग चार बाजूंना चार लावायचे. घाई झाली तर पेंटाव्हॅलंट, हेपॅटायटिस बी, टीडी या लशी गोठण्याची भीती. त्यांच्यात ॲल्युमिनियमचे क्षार असतात. गोठल्यावर त्यांचे कण एकत्र येऊन गुठळ्या होतात आणि लशीची ताकद जाते. वितळल्यावर व्हायल वरवर पाहता पूर्वीसारखीच वाटते. उन्हाला सगळे भितात, गारठ्याची आठवण कोणालाच राहत नाही. मी पाहिलेल्या एका केंद्रात भर उन्हाळ्यात सिस्टरनी काळजीपोटी दगडासारखे कडक पॅक भरले होते. लेकरांची काळजी होती म्हणूनच भरले होते, आणि त्या दिवशीच्या पेंटाव्हॅलंटच्या सगळ्या व्हायल बाजूला काढाव्या लागल्या.

व्हायलवर छोटं वर्तुळ आणि त्यात चौकोन असतो, तो व्हीव्हीएम. पोलिओच्या लशीवर तो १९९६ पासून आला. ऊन लागत जातं तसा चौकोन गडद होत जातो. मात्र तो फक्त उष्णतेचं सांगतो, गोठण्याचं नाही.

आता पैशाचं. लस विकत घ्यायला देणगीदार मिळतात. आयएलआर दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञाचा पगार, जनरेटरचं डिझेल, मोटारसायकलवर डबा घेऊन वस्त्या गाठणाऱ्या माणसाचे दिवसाचे पैसे, यांना ते सहजी मिळत नाहीत. आपल्याकडे राष्ट्रीय आरोग्य अभियानात केंद्र आणि राज्य ६०-४० असा खर्च उचलतात, तेव्हा हे भागतं. आफ्रिकेतल्या कित्येक देशांत तेवढीही खात्री नाही.

म्हणूनच पुण्यात बनलेल्या एका लशीची गोष्ट मला पुन्हा पुन्हा सांगावीशी वाटते. सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात कोरडे वारे सुटले की मेंदूज्वराची साथ यायची. १९९६-९७ च्या साथीत अडीच लाखांवर माणसं आजारी पडली, सुमारे २५ हजार दगावली. २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि 'पाथ' या संस्थांनी लशीचा प्रकल्प हाती घेतला. आफ्रिकेच्या आरोग्य खात्यांनी आधीच बजावलं : डोस ५० सेंटच्या आत हवा, नाहीतर आम्हाला झेपणार नाही. मोठ्या कंपन्यांशी गणित जमलं नाही. आपल्यापासून अडीचशे किलोमीटरवरच्या सीरम इन्स्टिट्यूटने ते जमवलं. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत 'मेनआफ्रिव्हॅक' टोचायला सुरुवात झाली. पुढे या पट्ट्यातून 'अ' प्रकारचा मेंदूज्वर जवळपास नाहीसा झाला.

किमतीची ही गोष्ट बरेच जण सांगतात. मला तिचा पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. ही लस उष्णता सोसते, हे चाचण्यांनी सिद्ध करून २०१२ मध्ये तिच्या वापराची अट बदलली : शेवटच्या टप्प्यात ४० अंशांपर्यंत, चार दिवस, बर्फाविना चालेल. त्याच वर्षी बेनिनच्या बनिकोआरा भागात दीड लाखांवर लोकांना ती अशी दिली गेली. पॅक गोठवायला नकोत, रोज संध्याकाळी उरलेली लस घेऊन केंद्रावर परत धावायला नको. चाडमधल्या मोहिमेचा हिशेब अभ्यासकांनी मांडला, तेव्हा मोहिमेचा माणशी खर्च २४ सेंटवरून १२ वर येऊ शकतो असं दिसलं. निम्मा! आणि हे सारं नवी लस न शोधता, जुन्याच लशीच्या चाचण्या करून.

आशाताई, तुमच्या मे महिन्याला मात्र ही ४० ची मर्यादाही अपुरी पडेल. शिवाय आपल्या बाळांच्या नेहमीच्या लशींना अशी मुभा नाही, त्यामुळे तुमचे चार पॅक सुटत नाहीत. पण मुभा मागावी लागते. आफ्रिकेने किमतीची अट घातली, तशी उन्हाची अट आपल्या सरकारने खरेदीच्या वेळी घालावी, असं मला मनापासून वाटतं. चाचण्यांना पैसा लागतो, आणि एवढा मोठा ग्राहक मागतोय म्हटल्यावर कंपन्या तो घालतील.

तुमचा दुसरा प्रश्न : चौकोन वर्तुळाइतकाच गडद झालाय, त्याहून जास्त नाही, तर चालेल का? नाही. रंग सारखा झाला की ती व्हायल द्यायची नाही. सिस्टरना दाखवून वेगळी ठेवा.

'गावी'चा हिशेब पुढच्या रविवारी.