फुलपाखरांची बाग बघायला जाताना

गटाच्या बैठकीत सहलीचा विषय निघाला की बहुतेक वेळा देवदर्शनच ठरतं. यंदा ओतूर भागातल्या काही जणींनी फुलपाखरांची बाग आणि मोठ्या जाळीतले पक्षी बघायची इच्छा सांगितली आहे. पैसे आपल्याच बचतीतले जाणार, तेव्हा तिथं जाऊन नेमकं काय बघायचं ते आधी बोलून घेऊ.

थंडीच्या देशांत यासाठी काचेचं भलंमोठं घर बांधतात. आत हवा उबदार आणि दमट ठेवतात, आणि कोस्टा रिकासारख्या देशांतून फुलपाखरांचे कोष विकत आणतात. आपल्याकडे बंगळुरूजवळ बन्नेरघट्टा इथं २००६ मध्ये घुमटाखालचं फुलपाखरू उद्यान सुरू झालं. पण आपल्याला एवढं लांब जायला नको. ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर ओवळा गावात ओवळेकर वाडी आहे. राजेंद्र ओवळेकर यांनी घरच्या वडिलोपार्जित जमिनीवर ही बाग उभी केली. तिला ना छप्पर, ना जाळी. तरी तिथं शंभरावर जातींची फुलपाखरं दिसली आहेत.

मग ती उडून का जात नाहीत? बघायचं ते हेच. फुलातला मध फुलपाखराला कुठंही मिळतो. पण अंडी घालायला त्याला ठरावीक झाडाचंच पान लागतं, कारण अळी दुसरं पान खात नाही. रुईवर एकाची अळी, कढीपत्त्यावर दुसऱ्याची, सीताफळावर तिसऱ्याची, पानफुटीवर चौथ्याची. रुईचा चीक विषारी असतो. ती अळी तो पचवते आणि अंगात साठवते, म्हणून पक्षी त्या फुलपाखराच्या वाटेला सहसा जात नाहीत. तेव्हा बागेत नुसती फुलं बघत फिरू नका, पानं उलटून बघा. मात्र तोडू नका.

आपलं राज्य फुलपाखरू आहे नीलवंत, म्हणजेच राणी पाकोळी. २०१५ मध्ये महाराष्ट्रानं त्याला हा मान दिला. असं करणारं आपलंच पहिलं राज्य. काळे मखमली पंख आणि त्यावर निळी झाक. त्याची अळी लिंबाच्या जातीतल्या झाडांवर वाढते.

इथं आपला खरा प्रश्न येतो. रोपवाटिका करणाऱ्या गटांना लिंबावरची अळी चांगलीच माहीत आहे. लहानपणी ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवी होते. बोट लावलं तर डोक्यामागून लालसर शिंग काढते आणि उग्र वास सोडते. वीतभर रोपावर अशा चार अळ्या बसल्या तर रोपाचा खराटा होतो, आणि विकायचं रोप असेल तर नुकसान आपलंच. म्हणून औषधाचा पंप लगेच पाठीवर घ्यायला हवा असं मात्र नाही. रोज सकाळी रोपांवरून नजर फिरवा, अळी पानासकट उचला आणि बांधावरच्या जुन्या लिंबावर सोडा. मोठं झाड तेवढी पानं सहज सोसतं. ही अळी कांद्यावर किंवा टोमॅटोवर जात नाही. टोमॅटो पोखरणारी अळी पतंगाची, ती वेगळी. अर्थात सगळीच फुलपाखरं गरीब नसतात हो. डाळिंब पोखरणारी सुरसा ही फुलपाखराचीच अळी, तिचा बंदोबस्त करावाच लागतो.

अळ्यांचा पक्ष्यांशीही संबंध आहे. चिमणी दाणे खाते, पण पिल्लांना किडे-अळ्याच भरवते. शिंजीर मध पितो, त्याच्याही पिल्लांना कीटक लागतात. सगळं परसू फवारून टाकलं तर पक्ष्यांनी घरट्यात न्यायचं काय?

पक्षी बघायला मुंबईला भायखळ्याची राणीची बाग. तिथल्या उंच जाळीच्या पक्षीघरात आपण आतून चालत जातो, पक्षी आपल्या डोक्यावरून उडतात. बाग बुधवारी बंद असते. (जाता जाता एक सांगते, आपला हिरवा पोपट घरात पिंजऱ्यात पाळणं कायद्यानं गुन्हा आहे.)

दोन्ही जागा एका दिवसात धावपळीच्या होतात. मला विचाराल तर एकाच दिवसाची सहल असेल तेव्हा वाडीच निवडा, कारण तिथलं बघून घरी येऊन करता येण्यासारखं आहे. पावसाळा सरल्यावर, सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये जा. ऊन वर आलं की फुलपाखरं उडू लागतात, दुपारी मंदावतात, म्हणून सकाळीच पोचायला हवं. वाडी रविवारी सकाळी उघडते, तरी आधी चौकशी करून घ्या. माळशेज, मुरबाड, कल्याण अशी वाट आहे. घाटात धुकं असतं, तेव्हा पहाटे निघताना गाडीवाल्याला घाई करू नका. मुलं बरोबर असतील तर पंखांना हात लावू देऊ नका, त्यावरची भुकटी निघाली की ती परत येत नाही. आणि एक वही-पेन घ्या. ज्या झाडावर अळी दिसेल त्याचं नाव तिथल्या माणसाला विचारून लिहून आणा.