ऑनलाइन हायस्कूल : मान्यता आहे, मग क्रेडिट का मिळत नाही?

आजचा भाग अमेरिकेत हायस्कूलची मुलं असलेल्या पालकांसाठी. तुमच्याकडून सारखा येणारा प्रश्न: "ऑनलाइन शाळा अ‍ॅक्रेडिटेड आहे, म्हणजे क्रेडिट मिळणारच ना?"

मिळेलच असं नाही. हे मी फी भरून शिकलेय.

आम्ही कॅलिफोर्नियात राहतो. माझ्या लेकीनं नववीनंतरच्या सुट्टीत एका ऑनलाइन शाळेतून जिऑमेट्री केली. 'ए' मिळाला. ऑगस्टमध्ये ट्रान्सक्रिप्ट घेऊन तिच्या शाळेत गेलो, तर काउन्सेलरबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "आधी परवानगी घेतली होती का?" नव्हती घेतली. क्रेडिट मिळालं ते इलेक्टिव्हचं, गणिताचं नाही. पोरगी दहावीत पुन्हा तोच विषय शिकत बसली.

चुकलं काय? मी दोन वेगळ्या गोष्टी एकच समजले.

पहिली गोष्ट, अ‍ॅक्रेडिटेशन. ही मान्यता असते शाळेला. अमेरिकेचं केंद्रीय शिक्षण खातं शाळांना अशी मान्यता देत नाही. ते काम खासगी, ना-नफा संस्था करतात. कॉग्निया ही त्यातली मोठी, आणि आमच्याकडे कॅलिफोर्नियात वॅस्क. अभ्यासक्रम, शिक्षक, कारभार हे सगळं तपासून त्या ठरावीक मुदतीची मान्यता देतात.

दुसरी गोष्ट, क्रेडिट. ते असतं एकेका विषयाचं, आणि स्वीकारायचं की नाही हे मूल ज्या शाळेत जाणार ती शाळा किंवा तिचं डिस्ट्रिक्ट ठरवतं. मान्यतेमुळे दार उघडतं म्हणा, पण आत घ्यायचं की नाही ते घरमालकाच्या हातात!

बरं, शाळेनं घेतलं तरी काम संपत नाही. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला 'ए-जी' प्रकारचे वर्षभराचे १५ कोर्स लागतात, आणि तो विशिष्ट कोर्स त्या शाळेच्या मंजूर यादीत असावा लागतो. खेळाडू मुलांसाठी एनसीएए आणखी वेगळं बघते. ऑनलाइन कोर्समध्ये शिक्षक आणि विद्यार्थी यांचा नियमित संपर्क हवा, कोर्सला ठरलेला कालावधी हवा. आठवड्यात उरकलेला कोर्स तिथे अडकू शकतो.

आणि सरळसरळ फसवणूकही असते. २०१४ मध्ये फेडरल ट्रेड कमिशननं फ्लोरिडातल्या काही ऑनलाइन 'हायस्कूल' चालवणाऱ्यांना कोर्टात खेचलं. दोन-तीनशे डॉलरमध्ये ते डिप्लोमा विकत होते. अशा मंडळींची स्वतःची 'मान्यता देणारी संस्था'ही असू शकते. म्हणून शाळेच्या वेबसाइटवरचा शिक्का बघून थांबू नका. मान्यता देणाऱ्या संस्थेच्या यादीत जाऊन शाळेचं नाव स्वतः शोधा.

मग करायचं काय? फी भरण्याआधी काउन्सेलरना ईमेल करा. कोर्सचं नेमकं नाव आणि शाळेचं नाव लिहा, आणि तीन गोष्टी विचारा: क्रेडिट घ्याल का? कोणत्या विषयात घ्याल? ग्रेड जीपीएमध्ये धराल का? उत्तर लेखी घ्या. फोनवरचं "हो हो, चालेल" ऑगस्टमध्ये कुणाला आठवत नाही.

यंदा लेकीला ऑनलाइन इकॉनॉमिक्स करायचंय. या वेळी ईमेल तिनंच लिहिला आणि परवानगी आल्यावर मला फॉरवर्ड केला. वर एकच ओळ होती: "आई, आता फी भर."

भेटू पुढच्या भागात!