एका पोटाचा एक जंतू

नेर परसोपंतात पोटाचं दुखणं सांगायची रीत ठरलेली आहे. 'पित्त झालं' म्हणायचं, सगळा आळ ठेच्यावर घालायचा आणि मेडिकलमधून गोळ्यांची पट्टी आणायची. प्रत्येक जळजळीमागे जंतू असतो असं नाही. पण जुनाट जठरदाह आणि अल्सर यांच्या मुळाशी फार वेळा हेलिकोबॅक्टर पायलोरी निघतो. या जंतूच्या मागे मी कित्येक वर्षं लागलो आहे, कारण तो ज्या पोटात राहतो त्या पोटाप्रमाणे स्वतःची जनुकं बदलत जातो.

इतिहास थोडक्यात सांगतो. पर्थच्या रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी १९८२ साली तो प्रयोगशाळेत वाढवला. इस्टरच्या सुट्टीमुळे जंतू वाढवायच्या बशा जास्त दिवस तशाच राहिल्या, म्हणून तो उगवलेला दिसला. १९८४ मध्ये मार्शल यांनी जंतूंचा द्रव स्वतः पिऊन जठरदाह ओढवून घेतला आणि २००५ साली दोघांना नोबेल मिळालं. आपल्याकडे हा जंतू बहुधा लहानपणीच, घरच्याच माणसांकडून येतो आणि औषध घेतलं नाही तर सहसा जन्मभर राहतो.

आता माझ्या आवडीचा भाग. याचा जनुकसंच जेमतेम सोळा लाख अक्षरांचा. नक्कल करताना झालेल्या चुका दुरुस्त करण्याची जी यंत्रणा बहुतेक जंतूंकडे असते, ती याच्याकडे पूर्ण नाही. काही जनुकांत एकच अक्षर लागोपाठ दहा-बारा वेळा येतं. नक्कल करताना त्यातलं एखादं गळालं की जनुक बंद पडतं, परत वाढलं की सुरू होतं. शिवाय शेजारच्या जंतूचा डीएनए तो सरळ आत ओढून घेतो. संसर्गाच्या सुरुवातीच्या दिवसांत तर हा बदल पुढच्या काळापेक्षा दहापटीहून अधिक वेगानं होतो, हे माणसांत आणि माकडांत दिसलं आहे. एका रुग्णाच्या पोटातले जंतू सहा वर्षांनी पुन्हा काढून पाहिले, तर वंश तोच होता, पण जनुकांत फरक पडलेला होता.

यात सगळ्यात देखणं प्रकरण 'बॅबए' या प्रथिनाचं. जंतू त्यानं जठराच्या पेशींवरची साखर पकडून बसतो, आणि ही साखर माणसाच्या रक्तगटानुसार बदलते. स्वीडनमधल्या उमेओ विद्यापीठाच्या थॉमस बोरेन यांच्या गटानं २००४ मध्ये दाखवलं, की दक्षिण अमेरिकेतल्या आदिवासींमध्ये जवळपास सगळेच 'ओ' गटाचे असल्यानं तिथले या जंतूचे अनेक वाण फक्त 'ओ' गटाचीच साखर धरतात. इतरत्रचे वाण 'ए' गटाचीही धरतात. २०१७ मध्ये त्याच गटानं पुढची गोष्ट सांगितली: ही पकड आम्लात सुटते आणि आम्ल कमी झालं की परत बसते. जठराची पेशी झडून आम्लात पडली की जंतू तिला सोडतो आणि पोहत अस्तराकडे परततो. वर्षानुवर्षांच्या दाहानं पोटातलं आम्ल बदललं, की 'बॅबए'ही त्याप्रमाणे बदलतं. एकाच माणसाच्या जठराच्या वरच्या आणि खालच्या भागातले जंतू वेगवेगळं आम्ल सोसतात. असा भाडेकरू मी दुसरा पाहिला नाही.

थोडं आडवळण घेतो. आल्प्समध्ये १९९१ साली सापडलेल्या, सुमारे ५३०० वर्षांपूर्वीच्या 'ओट्झी' नावाच्या बर्फात गोठलेल्या माणसाच्या पोटातही हा जंतू निघाला. २०१६ मध्ये त्याची जनुकं वाचली, तेव्हा तो आजच्या युरोपीय वाणांपेक्षा भारतात आढळणाऱ्या वाणांच्या जवळचा ठरला! नेरच्या माणसाच्या पोटातल्या जंतूचे भाऊबंद तिकडे बर्फात होते, हे वाचल्यावर मला रात्रभर झोप नव्हती.

आता परत आजच्या पोटांकडे. यवतमाळला एका पोटविकारतज्ज्ञांकडे मी या जंतूची तपासणी पाहायला गेलो होतो. दुर्बिणीतून काढलेला तांदळाच्या कणीएवढा तुकडा त्यांनी पिवळ्या जेलच्या खाचेत टाकला. जंतू युरियापासून अमोनिया करतो आणि त्यानं जेलचा रंग बदलतो; हळूहळू तुकड्याभोवतीचा पिवळा रंग गुलाबी होत गेला. म्हणजे जंतू होता, आणि डॉक्टरांनी त्यावर औषधं लिहून दिली.

"तिखट सोडलं तरी पोट जळतेच ना, डॉक्टरसाहेब! आठ दिवसांत बरं वाटलं, तर बाकीच्या गोळ्या ठेवून देऊ काय?" नेरकडच्या काकूंनी विचारलं.

"नाही काकू, चौदाच्या चौदा दिवस घ्यायच्या."

डॉक्टरांचं बरोबर होतं. जंतूच्या रायबोसोमच्या जनुकात एक अक्षर बदललं, तरी क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक त्याला लागू पडत नाही. अर्धवट औषधात नेमके असेच जंतू तगतात. म्हणून कोर्स संपल्यावर निदान चार आठवड्यांनी श्वासाची किंवा शौचाची तपासणी करून घ्यायची, आणि तपासणीआधी दोन आठवडे आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या डॉक्टरांना विचारून बंद ठेवायच्या, नाहीतर जंतू असूनही तपासणीत कधी कधी दिसत नाही.