चालता चालता झाडाचा घेर

जंगलाची मोजणी म्हणजे आधी घेराची मोजणी. वनरक्षक बुंध्याभोवती टेप फिरवतो, जमिनीपासून १.३७ मीटरवर, म्हणजे छातीच्या उंचीला, घेर वाचतो. सोबतचा माणूस आकडा टिपून घेतो, बुंध्यावर खूण करतो आणि दोघे पुढच्या झाडाकडे वळतात. युरोपात ही उंची १.३० मीटर धरतात. बाकी रीत तीच. या एका मापावरून, फार तर जोडीला उंची घेऊन, झाडाचं घनफळ काढतात, घनफळावरून वजन आणि वजनावरून जंगलात साठलेला कार्बन. घेर चुकला की पुढची सगळी आकडेमोड चुकते.

या टेपच्या जोडीला आता हातात धरून चालायचा लेझर स्कॅनर आला आहे. त्याचा जन्म मात्र जंगलखात्यात झाला नाही. ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेत यंत्रमानवांवर काम करणाऱ्या मंडळींनी ‘झेबेडी’ नावाचं उपकरण बनवलं आणि २०१२ मध्ये त्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. रचना विलक्षण साधी. हातात धरायची मूठ, मुठीवर स्प्रिंग आणि स्प्रिंगच्या टोकाला छोटा स्कॅनर. हा स्कॅनर एका वेळी एकाच प्रतलातलं पाहू शकतो. पण माणूस चालू लागला की स्प्रिंग डुलते, स्कॅनर मागेपुढे झुलतो आणि ते प्रतल सगळ्या परिसरावरून फिरून जातं. वेगळी मोटर लागत नाही. पिसाच्या कलत्या मनोऱ्याचा आतला भाग या उपकरणाने सुमारे २० मिनिटांत टिपला. पुढे ब्रिटनमधल्या जिओस्लॅम कंपनीने तेच ‘झेब-१’ या नावाने बाजारात आणलं.

लेझरचा किरण खोडावर आदळून परत येतो, त्याला लागलेल्या वेळावरून अंतर कळतं. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटीमीटर जातो, तेव्हा १० मीटरवरच्या सागाला शिवून यायला त्याला ६७ नॅनोसेकंद पुरतात. अशी हजारो मापं दर सेकंदाला जमा होतात. खरी अडचण वेगळीच आहे: मापं घेणारा माणूस स्वतः चालतो आहे, तो नेमका कुठे आहे? दाट पानोळ्याखाली जीपीएसचा भरवसा नाही. म्हणून यंत्र हलण्या-वळण्याची नोंद ठेवणाऱ्या संवेदकाची मदत घेतं आणि आत्ता दिसलेली खोडं मघाशी दिसलेल्या खोडांशी ताडून पाहतं. परिसराचा नकाशा आणि त्यातली स्वतःची जागा, दोन्ही ते एकाच वेळी ठरवत जातं. या पद्धतीला ‘स्लॅम’ म्हणतात. तरीही चालता चालता बारीक चुका साचतातच. त्यामुळे चालणाऱ्याने जिथून सुरुवात केली तिथेच परत यायचं असतं, शिवाय प्रत्येक खोड दोन-तीन बाजूंनी दिसेल अशी वाट धरायची असते. यंत्र कितीही चांगलं असो, मोजणीचा दर्जा या चालीवर ठरतो.

हाती येतो तो लाखो बिंदूंचा ढग. संगणक आधी जमीन ओळखतो, मग छातीच्या उंचीवर त्या ढगाची पातळ चकती कापतो. प्रत्येक खोडाच्या जागी बिंदूंचं एक कडं दिसतं. त्यावर वर्तुळ बसवलं की व्यास मिळतो.

हे जंगलात कितपत चालतं, याची कसोटी ब्रिटिश संशोधकांनी घेतली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात झेब-१ने १० सेंटीमीटरहून जाड खोडं नीट मोजली, बारीक खोडांशी मात्र त्याचं जमलं नाही. पुढच्याच वर्षी बेल्जियममधल्या १० प्लॉटचे निष्कर्ष आले. तिथे व्यासातली चूक सुमारे १.१ सेंटीमीटर होती. ट्रायपॉडवरच्या महागड्या स्कॅनरने एकाच जागेवरून पाहिलं तेव्हा ती याहून बरीच जास्त आली. कारण उघड आहे. एका जागी उभ्या यंत्राला पुढच्या झाडाने मागचं झाड झाकलेलं असतं, चालणारा माणूस त्याला वळसा घालतो. शेंड्याचं मात्र उलटं. झेब-१चा किरण उंच पानोळ्यापर्यंत पुरत नाही, तिथे ट्रायपॉडच सरस.

वजनाची गोष्ट याहून मोठी. झाडाचं खरं वजन कळायला ते तोडून तराजूवर चढवावं लागतं, म्हणून घेरावरून वजन काढायची सूत्रं मोजक्या तोडलेल्या झाडांवर उभी असतात. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात ६५ निलगिरी आधी ट्रायपॉडवरून स्कॅन केल्या, मग तोडून त्यांचं वजन केलं. स्कॅनवरचा अंदाज ९.७ टक्क्यांनी जास्त निघाला. प्रचलित सूत्रं ३० ते ३७ टक्क्यांनी कमी पडली. ऑक्सफर्डजवळच्या वायथम वूड्समध्ये तर स्कॅनवरून निघालेलं वस्तुमान सूत्रांच्या १.७७ पट भरलं. जुन्या, पसरलेल्या झाडांच्या फांद्यांत किती लाकूड असतं हे बुंध्याचा टेप सांगूच शकत नाही. कार्बनचे हिशेब मांडणाऱ्या प्रत्येक देशाने हे आकडे गांभीर्याने घ्यायला हवेत, भारतानेही.

आपल्याकडे लेझर आला तो वरून. २०२१ मध्ये केंद्र सरकारने १० राज्यांतल्या वनक्षेत्रांचे लायडार, म्हणजे लेझरच्या, सर्वेक्षणावर बेतलेले अहवाल जाहीर केले, त्यात महाराष्ट्र आणि गोवाही होते. हेतू होता जंगलात पाणी आणि चारा वाढवण्याचा. पानोळ्याखालचा बुंधा मोजायला मात्र जमिनीवरूनच जावं लागतं. सागाच्या सरळ लागवडीत हातातला स्कॅनर सहज चालेल. सह्याद्रीत कारवी डोक्याएवढी वाढते, वेली खोडाला वेढून बसतात, काही झाडांच्या बुडाशी आधारमुळांचे पाखे फुटलेले असतात. तिथे वर्तुळ बसवणारा संगणक वेलीसकट घेर मोजेल आणि झाड जाडजूड ठरवेल. झाड ऐनाचं की किंजळीचं, हे सांगायलाही साल ओळखणारा वनरक्षकच लागेल.

किंमत उतरते आहे. २०२० पासून आयपॅड प्रोमध्येच लायडार आहे. ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी तो ७ मीटर त्रिज्येच्या प्लॉटमध्ये फिरवला, तेव्हा सुमारे ९७ टक्के झाडं सापडली. मात्र पल्ला जेमतेम ५ मीटर.

टेपने नोंदवलेला आकडा पुन्हा तपासायचा तर पुन्हा त्याच झाडापाशी जावं लागतं. स्कॅनमध्ये अख्खा प्लॉट त्या दिवसाच्या स्थितीत साठलेला असतो. दहा वर्षांनी तो पुन्हा स्कॅन केला की कोणतं खोड किती भरलं, कोणती फांदी गेली, हे झाडागणिक ताडून पाहता येतं. त्यासाठी प्लॉटचे कोपरे पक्क्या दगडांनी रोवलेले हवेत आणि संगणकाने काढलेल्या घेरांच्या यादीसोबत मूळ बिंदूही जपून ठेवायला हवेत, म्हणजे उद्या सुधारलेल्या पद्धतीने तीच झाडं नव्याने मोजता येतील.