गेलेला दम परत आणताना

१९६६ मध्ये अमेरिकेतल्या डॅलस शहरात पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणाला खिळवून ठेवण्यात आलं. सगळे विशीतले, धडधाकट. उठल्यावर मोजणी झाली, तेव्हा शरीराची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता सुमारे पाव हिश्शाने घटलेली होती. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं, तर वयामुळे झालेली घट त्या तीन आठवड्यांतल्या घटीपेक्षा कमी निघाली. डेंगूतून उठलेल्या किंवा कामाच्या रगाड्यात वर्षभर सायकलला हात न लावलेल्या माणसाला जिन्यावर धाप का लागते, ते यावरून कळावं.

व्यायाम सुटला की सर्वांत आधी रक्तातला द्रव कमी होतो. हृदयाच्या एका ठोक्याला पुढे ढकललं जाणारं रक्त त्यामुळे घटतं. हे दोन-तीन आठवड्यांतच घडतं. त्यामागोमाग स्नायूंच्या पेशींमधली ऊर्जा तयार करणारी यंत्रणा मंदावते. मात्र अनेक वर्षांच्या सरावाने स्नायूंत वाढलेलं केशवाहिन्यांचं जाळं इतक्या लवकर मोडत नाही. एडवर्ड कॉयल यांनी १९८४ मध्ये मुरलेल्या खेळाडूंचा सराव ८४ दिवस थांबवून हे तपासलं होतं. जुन्या सायकलस्वाराचा दम नवख्यापेक्षा लवकर परत येतो, त्याचं एक कारण हे असावं.

हा गेलेला दम परत आणायला म्हसावदच्या माणसाने घरात सायकल का चालवावी, असं कुणी विचारेल. नंदुरबार जिल्ह्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं हे गाव. राणीपूरवरून तोरणमाळचा घाट समोरच. पण गळीत हंगामात शहादा रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात, उन्हाळ्यात सकाळी नऊलाच ऊन चटके देतं, आणि आजारातून उठलेल्या माणसाने अर्ध्या घाटात थकून बसणं बरं नाही. मागचं चाक ट्रेनरला, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवता येणाऱ्या स्टँडला, जोडलं की भार हवा तेवढा ठेवता येतो, नको वाटलं की उतरता येतं. घाट हे लक्ष्य मात्र उत्तम, कारण त्याचं गणित मांडता येतं. स्वार आणि सायकल मिळून ८५ किलो धरा, चढ साधारण ९०० मीटर. पायांतून सलग १०० वॅट निघत असतील तर निव्वळ चढाला दोन तासांहून थोडा जास्त वेळ लागेल. १५० वॅट निघाले तर दीड तासाच्या आत. या दोन आकड्यांमधलं अंतर कापायचं, त्यासाठी सरावाचा प्लॅन.

प्लॅन निवडताना माणसं हमखास जुना आकडा धरतात, आणि माझ्या मते सगळं नुकसान तिथे होतं. ‘एफटीपी’ म्हणजे साधारण तासभर टिकवता येईल एवढी ताकद. बहुतेक प्लॅन तिच्या टक्केवारीवर बांधलेले असतात. आजारापूर्वीचा आकडा भरला की सोपा दिवसही जड होतो. स्मार्ट ट्रेनरच्या ‘अर्ग’ मोडमध्ये हे डोळ्यांनी दिसतं. यंत्र वॅट कायम राखतं. पाय दमून पॅडलचे मिनिटाचे फेरे नव्वदवरून साठवर आले की तेवढेच वॅट राखायला ते पॅडल आणखी जड करतं, फेरे अजून घटतात, आणि शेवटी पॅडल चिखलात रुतल्यासारखं अडतं. म्हणून आधी नवी चाचणी. रॅम्प टेस्टमध्ये दर मिनिटाला भार ठरावीक वॅटने वाढवत नेतात. पूर्ण केलेल्या सर्वांत जड मिनिटातल्या वॅटचे ७५ टक्के म्हणजे अंदाजे एफटीपी. आजारातून उठलेल्याने ही चाचणी डॉक्टरांना विचारूनच करावी. तोवर बोलून पाहण्याची कसोटी पुरते: पॅडल मारताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे.

आठवड्याला तीन-चार दिवस, अर्धा ते पाऊण तास, पहिले तीन-चार आठवडे बोलता येईल अशाच गतीने, आणि दर चौथा आठवडा हलका: असा प्लॅन दिसायला फिका असतो, पण मी तोच घेईन. चार-चार मिनिटांचे जोरकस टप्पे त्यानंतर, आठवड्यातून एकदाच. नागपूरचे डॉ. अमित समर्थ आणि नाशिकचे लेफ्टनंट कर्नल डॉ. श्रीनिवास गोकुलनाथ यांनी २०१७ मध्ये सुमारे ४८०० किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ एकट्याने पूर्ण केली. त्यांच्याकडून ध्यास जरूर घ्यावा. त्यांचं वेळापत्रक त्यांच्या शरीरासाठी आहे.

उकाड्याचा विचार तयार प्लॅनमध्ये क्वचितच असतो. स्नायूंनी वापरलेल्या ऊर्जेतला जेमतेम पाव हिस्सा पॅडलपर्यंत पोचतो, बाकीची उष्णता होते. पॅडलवर १५० वॅट म्हणजे अंगात ५०० वॅटच्या आसपास उष्णता. तेवढी बाहेर टाकायला तासाला सुमारे पाऊण लिटर घाम पूर्ण वाळावा लागतो. नुसता गळलेला घाम कामाचा नाही. रस्त्यावर वारा हे काम करतो, खोलीत पंख्याशिवाय कोणी करत नाही. छताचा पंखा पुरत नाही, समोर जमिनीवर ठेवलेला हवा. मे महिन्यात खोलीचं तापमान त्वचेपेक्षा चढलं की भोवतालची हवाच अंग तापवते. तेव्हा पहाटेची वेळ धरावी, आणि लाइट गेली, पंखा थांबला, तर त्या दिवशीचा सराव तिथेच सोडावा.

या जिल्ह्यात आणखी एक तपासणी प्लॅनच्या आधी यायला हवी. नंदुरबारच्या भिल्ल, पावरा समाजांत सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे. वाहक असलेला माणूस एरवी ठणठणीत असतो, अनेकदा त्याला ठाऊकही नसतं. पण उष्मा, पाण्याची कमतरता आणि दम न घेता केलेले जोरकस टप्पे एकत्र आले तर त्याच्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊ शकतात, स्नायू मोडू लागतात, क्वचित जिवावर बेततं. सरकारी दवाखान्यात रक्ताची सोल्युबिलिटी चाचणी होते, ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिसने खात्री करतात. वाहकाने सायकल सोडायची गरज नाही. भार सावकाश वाढवावा, दोन टप्प्यांमधली विश्रांती दुप्पट ठेवावी, पाणी जवळ असावं. पाय अचानक गळून गेले किंवा दुखू लागले तर ती नेहमीची थकावट समजू नये: लगेच उतरावं, थंड जागी बसावं, आणि बरं वाटलं नाही तर दवाखाना गाठावा. प्रत्यक्ष सिकलसेलचा आजार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच ट्रेनरवर बसावं.