कल्पित अशील

वैद्यकाचा विद्यार्थी गुरुजनांच्या देखरेखीखालीं रोग्याच्या खाटेपाशीं शिकतो. कायद्याच्या विद्यार्थ्यानें मात्र कोणाच्या खटल्यावर हात बसवावा? नवख्याचा एक प्रश्न राहून गेला, तर अशिलाचें घर जाऊं शकतें. या अडचणीवर अभिरूप न्यायालय हा जुना उपाय आहे. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या 2008 च्या नियमांत विद्यार्थ्यानें वर्षांत तीन अभिरूप खटले चालवावे असें सांगितलें आहे. प्रत्येकाच्या 10 गुणांपैकीं 5 लेखी निवेदनास व 5 तोंडी युक्तिवादास असतात.

तथापि तेथें हकीकत बहुधा छापून हातीं मिळते. खरा अशील ती अर्धीमुर्धीच सांगतो. ही उणीव भरून काढण्यासाठीं स्कॉटलंडांतील स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठानें या शतकाच्या प्रारंभीं संगणकावर ‘आर्डकॅलॉख’ नांवाचें आभासी नगर वसविलें. चार-चार विद्यार्थ्यांची एकेक वकील-पेढी असे. ते नगरांतील माणसांस पत्रें लिहीत आणि शिक्षक त्या पात्रांच्या नांवानें उत्तरें देत.

असेंच एखादें प्रकरण पेण तालुक्यांतील हमरापुरावर रचतां येईल. गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठीं हा गांव प्रसिद्ध आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें 2020 मध्यें प्लॅस्टरच्या मूर्तींवर बंदीचे निर्देश काढले. 2025 च्या जानेवारींत मुंबई उच्च न्यायालयानें ते काटेकोरपणें पाळण्यास सांगितलें. जूनमध्यें मूर्ति घडविण्यास मोकळीक दिली, परंतु न्यायालयाच्या अनुज्ञेवांचून नैसर्गिक जलाशयांत त्यांचें विसर्जन करण्यास मनाई केली.

आतां एक कल्पित कारखानदार पेढीकडे येतो. व्यापाऱ्यानें माल नाकारला आहे, कर्जाचे हप्ते थकले आहेत. करार पुढें बेकायदेशीर किंवा अशक्य झाल्यास तो रद्द ठरतो, असें 1872 च्या करार कायद्याचें 56 वें कलम सांगतें. व्यापारी त्याचाच आधार घेतो. कलम ग्रंथांत सांपडतें. परंतु मागणी जानेवारीपूर्वींची कीं नंतरची? माल पोंचविण्याची मुदत जूनच्या अलीकडे कीं पलीकडे? बोलणें तोंडी झालें कीं कागदावर? विचारल्यावांचून अशील हें सांगणार नाहीं, आणि निकाल तर याच तारखांवर फिरावयाचा.

पुढील आठवड्यांत त्याच विद्यार्थ्यांनीं व्यापाऱ्याची बाजू घ्यावी. मग न विचारलेला प्रश्न प्रतिपक्षाच्या हातीं कसें शस्त्र देतो तें उमगतें. येथें चूक झाली तर पुन्हां पत्र लिहितां येतें. हमरापूरचा खरा कारखानदार दारीं आला म्हणजे त्याच्या वर्षभराच्या मेहनतीवर असा सराव करतां येत नाहीं.