समुद्राखालचा भूकंप मोजताना

पाण्याने भरलेल्या भांड्याच्या तळाशी ठेवलेले नाणे वर उचलल्यासारखे दिसते, हा प्रयोग आपण वर्गात नेहमी करतो. डोळ्यांत शिरणारा किरण खरा असतो. चुकतो तो किरण सरळच आला हा आपला समज. समुद्रतळाखालच्या उथळ भूकंपाची खोली आणि आकार ठरवताना आम्हा अभ्यासकांपुढे याच जातीची अडचण उभी राहते.

२८ नोव्हेंबर १९४५ रोजी पहाटे, आज पाकिस्तानात असलेल्या मकरान किनाऱ्यालगत, पसनी गावाजवळ समुद्रात ८.१ परिमाणाचा भूकंप झाला. त्यातून उठलेली त्सुनामी काही तासांनी मुंबईस पोहोचली आणि तेथे माणसे वाहून गेली. हे ठिकाण नागपूरपासून सुमारे १,६५० किमी दूर आहे. भूकंपाच्या प्राथमिक लहरी एवढे अंतर साधारण साडेतीन मिनिटांत कापतात. म्हणजे किनाऱ्याला इशारा देण्यास अवधी असतो. मात्र सुरुवातीस काढलेले उत्तर बरोबर हवे.

मकरानजवळ अरबी भूपट्ट युरेशियाच्या भूपट्टाखाली सरकत आहे. अशा जागेस अधोगमन क्षेत्र म्हणतात. खाली जाणाऱ्या भूपट्टावरचा गाळ वरच्या भूपट्टाच्या कडेशी खरवडला जातो आणि वखराच्या पासेपुढे माती साचावी तसा साचतो. मकरानपाशी या गाळाचा थर सुमारे ७ किमी जाड आहे आणि खाली जाणाऱ्या भूपट्टाचा उतार फारच कमी आहे. या रचनेमुळे गणित तीन ठिकाणी अडते.

पहिली अडचण खोलीची. भूकंपनाभीपासून काही लहरी थेट खाली निघून दूरच्या केंद्रावर येतात. काही आधी वर जातात, पृष्ठभागावरून परावर्तित होतात आणि मागाहून पोहोचतात. या दोन वेळांच्या फरकावरून खोली काढता येते. समजा, वाटेत ६ किमी गाळ आहे. लहरीचा वेग कठीण खडकात सेकंदाला ६ किमी आणि गाळात ३ किमी धरू. मग गाळातून वर जाऊन परत येण्यास २ ऐवजी ४ सेकंद लागतील. सगळा खडकच आहे असे मानले, तर जादा २ सेकंदांमुळे भूकंप प्रत्यक्षापेक्षा ६ किमी अधिक खोल वाटेल. शिवाय समुद्राच्या पृष्ठभागावरून परतणाऱ्या लहरीही या नोंदीत मिसळतात.

दुसरी अडचण उताराची. भूकंपाचा आकार ‘परिबल’ या राशीने मोजतात. उथळ, कमी उताराच्या भ्रंशाच्या बाबतीत दूरवर नोंदलेल्या दीर्घ लहरींवरून परिबल आणि उताराचा कोन वेगवेगळे काढणे कठीण असते. मिळतो तो परिबल आणि दुप्पट कोनाची ज्या यांचा गुणाकार. उतार १०° धरला तर २०° ची ज्या ०.३४ येते, ५° धरला तर १०° ची ज्या ०.१७. नोंद तीच, पण परिबल दुप्पट आणि परिमाण ०.२ ने अधिक!

तिसरी अडचण सर्वांत घातक. परिबल म्हणजे खडकाची दृढता, भ्रंशाचे क्षेत्रफळ आणि खडक सरकल्याचे अंतर यांचा गुणाकार. भ्रंशालगतचा मऊ गाळ एक तृतीयांश दृढतेचा असेल, तर तेवढ्याच परिबलासाठी व क्षेत्रफळासाठी सरक तिप्पट होते. मग जमीन फारशी हादरत नाही, पण समुद्रतळ आणि त्यावरचे पाणी बरेच उचलले जाते. १७ जुलै २००६ रोजी जावा बेटाच्या दक्षिणेस ७.७ परिमाणाचा असाच भूकंप झाला. किनाऱ्यावर हादरा सौम्य होता. त्सुनामीने मात्र सहाशेहून अधिक बळी घेतले.

म्हणून जहाजांवरून ध्वनिलहरी सोडून समुद्रतळाखालचे थर आणि त्यांचा उतार आधीच मोजून ठेवावे लागतात. हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ संस्थेत २००७ पासून त्सुनामी इशारा केंद्र चालते. तेथे भूकंपाच्या नोंदींबरोबर समुद्रतळावरील दाबमापक आणि किनाऱ्यावरील भरतीमापकही पाहिले जातात. कारण पाणी किती उचलले हे शेवटी पाण्यालाच विचारावे लागते.

विद्यार्थ्यांकडून वरील गणित ८° व ४° उतार घेऊन करवून घ्यावे. वरवर लहान दिसणाऱ्या गृहीतकाने उत्तर किती बदलते, हे त्यांना स्वतःच्या वहीत दिसेल.